एकोणतीस तारीख नसलेलं घड्याळ

बिलकिसनं बटण दाबून धरलं. मशीन मेली. परत बटण दाबलं, एफ-टू ठोकलं, आणि निळी चौकट आली तशी ती दातांतल्या दातांत बोलली, "आलं परत."

चौकटीत तारीख होती नऊ ऑगस्ट, साल दोन हजार एकाहत्तर.

नाशिकच्या भद्रकालीतल्या त्या गल्लीत तेव्हा भर दुपार होती आणि जानेवारी चालू होता. कुंभमेळ्याच्या कामासाठी अख्खा रस्ता उकरून ठेवलेला, त्याची धूळ दुकानाच्या आतपर्यंत. सालाबिलाची काही गडबड नव्हती. गडबड होती ती फक्त या लॅपटॉपांच्या पोटात.

"अब्बा, हे बघा. अजून एक."

निसारभाई पुढच्या काउंटरवर मिक्सरचं भांडं उलटं धरून पातं सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही. "सेल गया होगा, बेटा. बदलून टाक."

"परवाच बदललाय."

"मग नवा सेल पण जुनाच असेल. आजकाल नवं पण जुनंच येतं."

"कोणीतरी हात घालतंय मशिनीत."

"कोण घालणार? तू, मी, आणि वर सोमा."

"तेच म्हणते मी."

आता निसारभाईंनी मान वर केली. "बिल्लो, तुला ना सगळीकडे चोर दिसतो. शाळेत सर चोर, गल्लीत दूधवाला चोर. त्यापेक्षा सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून दहावी देऊन टाक. तिथं तरी तारीख बोर्ड ठरवतं."

बिलकिस तारीख लावायला लागली. नववीत भांडून शाळेतून जी निघाली ती परत फिरकली नव्हती, त्याला आता वर्षं झाली. एकोणिसाव्या वर्षी दुकानाचा मागचा अर्धा भाग तिचा होता. पुढं अब्बांचे पंखे-मिक्सर, मागं हिचे लॅपटॉप. आणि लाकडी शिडी चढून वर माळ्यावर, जिथं उभं राहिलं की डोकं पत्र्याला लागतं, तिथं सोमा.

सोमा हरसूलचा. इंजिनिअर झालेला, पुण्याला कंपनीत कर्नलवर काम केलेला. कर्नल म्हणजे काय, असं निसारभाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सोमा म्हणाला, "चाचा, मशीन चालू झाली का सगळ्यात आधी जो जागा होतो आणि मग बाकीच्यांना उठवतो, तो." निसारभाई म्हणाले, "म्हणजे आमच्या घरात बिलकिसची अम्मी." कंपनीतलं कंत्राट संपलं तसा सोमा परत आला. पंचवटीत एक कॉट भाड्यानं घेऊन राहायचा, शनिवारी गावी जायचा. बोलायचा कमी. बिलकिसला कमी बोलणारी माणसं आवडत नव्हती. माणूस गप्प असला की आत काहीतरी शिजतंय असंच तिला वाटायचं.

लॅपटॉपांचा हा सगळा लॉट सिन्नरच्या एका बंद झालेल्या कारखान्यातून आलेला. धट्टेकट्टे लॅपटॉप, पण नवं विंडोज त्यांच्यावर चढत नाही म्हणून भंगाराच्या भावात निघाले. बिलकिसनं पुसून-पासून, कीबोर्ड बदलून त्यांच्यावर विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स टाकलं. जाणार होते हरसूलच्या आश्रमशाळेत. तिथं लाईट कधी असते कधी नसते, सगळा वर्ग सोलरच्या बॅटरीवर. तिथल्या सवितामॅडमचं एकच म्हणणं होतं. तास संपला की पोरींनी झाकण मिटायचं, मशीन झोपली पाहिजे. पुढच्या तासाच्या पोरींनी झाकण उघडलं की उठली पाहिजे. पहिल्यापासून चालू करत बसलं तर निम्मा तास आणि निम्मी बॅटरी त्यातच जाते.

झोपायला या मशिनी एकदम शहाण्या होत्या. उठायच्या मात्र मर्जीप्रमाणे. कधी उठायच्या. कधी झाकण उघडलं की पंखा फिरायचा, लाईट जळायची, आणि स्क्रीन काळीठिक्कर. काय दाबाल ते दाबा. कुंभकर्ण परवडला, तो निदान घोरतो तरी.

आणि शनिवारी सवितामॅडम न्यायला येणार होत्या.

यात शब्द गुंतला होता तो सोमाचा. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा व्यापाऱ्यानं त्या शाळेच्या गळ्यात मेलेले कॉम्प्युटर मारले होते. ते अजून एका खोलीत चादर पांघरून बसलेत, तेराव्याला बसल्यासारखे. तेव्हापासून हरसूलला कॉम्प्युटर विकायला येणारा म्हणजे भामटा, असंच ठरून गेलेलं. यंदा पालकांच्या सभेत पुन्हा तोच आरडाओरडा झाला, तेव्हा सोमा उठून उभा राहिला होता. म्हणाला होता, या मशिनी मी स्वतः बघतोय. नाय चालल्या तर मला या गावात तोंड दाखवू देऊ नका. सवितामॅडमनीच हे बिलकिसला सांगितलं होतं, कौतुकानं. बिलकिसनं तेव्हाच मनात नोंद केली होती की एवढं मोठं बोलणारा माणूस एरवी एवढा गप्प का असतो?

कामाची वाटणी सोमानंच केलेली. तो वर मशिनीत काहीतरी बसवायचा, मशीन खाली यायची. बिलकिसनं झाकण मिटायचं, उघडायचं, मिटायचं, उघडायचं. "उठली नाय का बटण दाबून बंद कर, लगेच चालू कर आणि वर दे. मध्ये वेळ घालवू नको," एवढंच त्यानं सांगितलं होतं. मग तो वर स्क्रीनवरच्या ओळी वाचत बसायचा, केस ओढायचा, आणि मशीन पुन्हा खाली.

बिलकिस वेळ घालवत नव्हती. पण दुकानाचा एक नियम होता आणि तो तिच्या बोटांत भिनलेला. जुन्या लॅपटॉपची नाडी म्हणजे त्याची तारीख. आत रुपयाएवढा एक सेल असतो, त्याच्यावर घड्याळ चालतं. मशीन जबरदस्तीनं बंद केली की चालू होताना आधी एफ-टू दाबून बायोसच्या निळ्या चौकटीत जायचं आणि तारीख बघायची. बरोबर असली तर सेल जिवंत. चुकली असली तर लावायची आणि सेल बदलायचा. या सगळ्याला तिला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा वेळ लागायचा.

तर तारखा चुकत होत्या. एक मशीन नाही, दोन नाही. तिनं सेल बदलले. तरी चुकल्या. मग तिच्या डोक्यात आलं की वर माळ्यावर कोणीतरी नवा सेल काढून जुना बसवतंय. तिनं काय केलं, लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका प्रत्येक नव्या सेलवर ठेवला आणि गुपचूप मशीन वर दिली. मशीन खाली आली, झाकणाचं करून झालं, तारीख पुन्हा चुकली. उघडून बघते तर लाल ठिपका जागच्या जागी, तिच्याकडे बघून हसतोय.

म्हणजे सेल बदलत नव्हतं कोणी. तारीखच बदलत होतं.

मग तिनं डोळ्यांत तेल घालून बघायला सुरुवात केली. ज्या मशिनी अजून माळ्यावर गेल्याच नव्हत्या, त्यांची झाकणं मिटली-उघडली, बंद केल्या, चालू केल्या. तारीख बरोबर. वर जाऊन आलेल्या मशिनी तेवढ्या नासक्या. याच्यापेक्षा धडधडीत पुरावा काय पाहिजे?

आणि अजून एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही. साल कुठलंही यायचं, महिना कुठलाही यायचा. पण एकोणतीस, तीस, एकतीस तारीख एकदाही नाही. मशीन वेडी झाली असती तर कधीतरी तीस आली असतीच की! हे माणसाचं काम आहे, तिनं ठरवून टाकलं. माणूस मनानं तारीख टाकतो तेव्हा महिन्याचे दिवस मोजत बसत नाही, सोप्या सोप्या टाकतो.

राहिला प्रश्न, सोमा हे करेल कशाला?

त्याचं उत्तर गुरुवारी सकाळी आपणहून समोर आलं. बिलकिस पाव आणायला कोपऱ्यापर्यंत गेली होती. कोपऱ्यावर शाहनवाजचं दुकान, काचेच्या दारावर पट्ट्यापट्ट्यांची लाईटिंग. आत नव्या लॅपटॉपांची रांग. शाहनवाजनं हरसूलच्या शाळेला आधी नवे लॅपटॉप दाखवले होते, ते त्यांना परवडले नाहीत, म्हणून बिलकिसचं जमलं होतं. तेव्हापासून शाहनवाज तिला बघितलं की विचारायचा, "काय बिलकिसबी, भंगार विकलं का?" एकदा तिनं त्याच्या दिशेनं स्क्रू ड्रायव्हर भिरकावला होता.

आणि आज त्या काचेच्या मागं सोमा उभा. हातात चहाचा कप. शाहनवाज त्याच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी दाखवतोय, आणि दोघं हसतायत. हा माणूस हसतो, हेच बिलकिसला आज पहिल्यांदा कळलं.

ती पाव न घेताच परत फिरली.

सोमा थोड्या वेळानं आला. शिडीवर पाय ठेवता ठेवता त्याला तिनं सहज विचारल्यासारखं केलं, "कुठं होतास, सोमादादा?"

"इथंच," तो म्हणाला आणि वर गेला.

इथंच! बिलकिसच्या कानशिलात भडका उडाला. तिनं पाण्याच्या टाकीमागं जाऊन सवितामॅडमना फोन लावला. हरसूलला रेंज म्हणजे नशिबाचा खेळ, पण त्या दिवशी नशीब लागलं.

"मॅडम, एक सांगते. तुमच्या गावचा माणूस विकला गेलाय."

"काय? कोण बोलतंय?"

"नाशिकवरून बिलकिस. सोमा. त्या शाहनवाजला जाऊन मिळालाय तो. मशिनी मुद्दाम बिघडवतोय, म्हणजे तुम्ही आमच्या परत कराल आणि त्याच्याकडून घ्याल. माझ्याकडे पुरावा आहे."

पलीकडे कोणीतरी खोकलं. मग सवितामॅडमचा आवाज आला, एकदम सपाट. "बरं. शनिवारी येतोय आम्ही."

फोन ठेवल्यावर बिलकिसला हलकं वाटलं. लगेच दुसऱ्या क्षणाला वाटलं, आपण 'पुरावा' म्हणालो खरं, पण विचारलं तर दाखवायचं काय? लाल ठिपका?

म्हणून शुक्रवारी दुपारी ती तयारीत बसली. मशीन खाली आली की त्याच्यासमोर तारीख उघडून दाखवायची आणि तिथल्या तिथं कबूल करून घ्यायचं. मशीन आली, झाकण मिटलं, उघडलं. काळीठिक्कर.

"सोमा!" तिनं हाक मारली. दादा आज गळाला. "खाली ये. आत्ताच्या आत्ता."

सोमा शिडीवरून अर्धा खाली आला. डोळे तांबारलेले. "काय झालं?"

"थांब, दाखवते." तिनं बटण दाबून मशीन मारली, परत चालू केली, एफ-टू दाबलं. चौकट आली. "वाच. मोठ्यानं वाच, अब्बांना ऐकू जाऊ दे."

"सतरा मे. दोन हजार अडतीस," सोमा वाचत म्हणाला.

"ही कोणी टाकली?"

"बिलकिस..."

"वर जाऊन आलेल्या मशिनीच नासतात. न गेलेल्या नाही. सेल मी खूण करून बघितले. आणि तू आहेस हुशार, पण एवढा पण नाहीस. एकोणतीस, तीस, एकतीस तुला आठवतच नाही. अठ्ठावीसच्या पुढं तुझी तारीख जातच नाही! काल शाहनवाजकडे चहा पीत होतास. मी विचारलं तर म्हणे इथंच. काय देतोय तो तुला? दुकान देतोय?"

बोलता बोलता तिची बोटं आपोआप चालली होती. साल खाली, महिना खाली, आजची तारीख, एफ-टेन. चौकट गेली. मशीन पुढं चालू व्हायला लागली.

सोमा तिच्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो तिच्या बोटांकडे बघत होता.

"तू आत्ता काय केलंस?"

"विषय बदलू नको."

"बिलकिस. तू आत्ता काय केलंस?"

"दिसत नाही? तारीख लावली."

"रोज लावतेस?"

"रोज म्हणजे? प्रत्येक मशीनची लावते. लावते आणि मग वर देते. चुकलेल्या तारखेची मशीन या दुकानात कोणी कोणाच्या हातात देत नाही. नियम आहे."

सोमा शिडीच्या पायरीवर मटकन बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. निसारभाईंना वाटलं पोरगा रडतोय, ते मिक्सर सोडून उठले. पण तो रडत नव्हता.

"ती तारीख नाय गं," तो हातांच्या आडून बोलला. "ती माझी चिठ्ठी हाय."

"कसली चिठ्ठी?"

"मशीन झोपेतून उठते ना, तेव्हा कर्नल एकेकाला हाक मारत जातो. स्क्रीन, कीबोर्ड, कॅमेरा, सगळ्यांना. कोणापाशी तरी अडकतो. कोणापाशी, ते मला पाहिजे. पण तो लिहून ठेवणार कुठं? डिस्क झोपलेली. मेमरीत लिहिलं तर तू बटण दाबलंस का गेलं. मशीन मेली तरी जितं राहतं असं एकच हाय आतमध्ये. ते घड्याळ. म्हणून मी कर्नलला सांगून ठेवलं, ज्याला हाक मारशील त्याची खूण घड्याळात टाकत जा. ती खूण तुला तारीख दिसते. मशीन परत चालू झाली का कर्नल तीच तारीख वाचतो आणि मला नाव सांगतो."

बिलकिसनं एफ-टेनवरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाली, "आणि एकोणतीस?"

"फेब्रुवारीला दरसाल एकोणतीस नसते. सगळ्या महिन्यांना चालावी म्हणून ज्यानं हे बनवलं त्यानं अठ्ठावीसपर्यंतच ठेवलीय." सोमानं हात काढले. "पण हे तुझ्या ध्यानात कसं आलं? मला स्वतःला ते पुस्तकात वाचून कळलं होतं."

"डोळे आहेत मला."

"आणि तेच डोळे रोज माझी चिठ्ठी पुसत होते. तू लावलेली तारीखच कर्नल चिठ्ठी समजून वाचायचा. तुला माहितीय मला वर काय दिसायचं? आज कॅमेरा, उद्या टचपॅड, परवा स्पीकर. मी कॅमेरा बंद करावा, तर दुसऱ्या दिवशी दुसरंच नाव. डोकं फिरायची पाळी आली. मी तर समजलो तू खाली पार्ट बदलतेस. चांगला काढून घेतेस आणि सडका आत घालतेस."

"मी?" बिलकिस ताडकन उभी राहिली. "मी चोर?"

"आणि तू मला आत्ता काय म्हणत होतीस?"

"ते वेगळं!"

"दोघं पण चोर, दोघं पण पोलीस," निसारभाई म्हणाले. "मी चहा सांगू का, की वकील सांगू?"

"शाहनवाजकडे कशाला गेला होतास ते सांग आधी," बिलकिस अजून मागं हटायला तयार नव्हती.

"त्यानं पण सिन्नरहून याच मॉडेलचा एक घेतलाय. त्याच्यावर जुनंच विंडोज हाय. तो उठतो का बघायला गेलो. उठतो. म्हणजे आतलं लोखंड चांगलं हाय, गडबड आपल्या लिनक्सच्या बाजूची."

"मग इथंच होतो असं का बोललास?"

"त्याचं नाव काढलं का तू हत्यार फेकतेस."

"एकदाच फेकलं होतं."

मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. झाकण मिटलं, उघडलं. तिसऱ्या मशीननं दगा दिला. बिलकिसनं बटण दाबून मारली, चालू केली, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. बोटं नुसती एफ-टूकडे धावत होती. चौकट आली नाही, मशीन तशीच पुढं गेली. ती सोमाच्या मागोमाग शिडी चढून माळ्यावर गेली आणि पत्र्याला डोकं लावून बघत राहिली. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकल्या. सोमानं एका ओळीवर बोट ठेवलं.

"कार्ड रीडर."

"कुठंय कार्ड रीडर?"

त्यानं मशीन आडवी केली. बाजूला एक चपटी फट होती. कारखान्यातले लोक तिथं आपलं ओळखपत्र घालून मशीन उघडत असणार. बिलकिसनं त्या फटीतली धूळ फुंकली होती, तेवढाच तिचा त्या फटीशी संबंध.

"ही एकच मशीन असेल," ती संशयानं म्हणाली. "दुसरी लाव."

दुसरीनं तेच नाव घेतलं. अजून एक लावली, तिनंही तेच.

"कर्नल हिला हाक मारतो," सोमा म्हणाला, "ही ओ देत नाय. तो बिचारा वाट बघत उभा. स्क्रीन मागं रांगेत, तिचा नंबरच लागत नाय."

"मग हाकच मारू नको म्हणावं."

"तेच सांगायचंय त्याला. हरसूलला कोणाला लागतंय ओळखपत्र?"

सांगितलं. आणि मशिनी उठायला लागल्या. बिलकिसनं मुद्दाम घाईघाईनं मिटल्या, मुद्दाम वेळ घालवून उघडल्या, एकीला झोपेत उचलून दुसऱ्या टेबलावर नेलं. उठल्या. संध्याकाळपर्यंत तिनं छळ छळ छळल्या, सगळ्या उठल्या. सोमानं मग ती चिठ्ठीची सोय काढून टाकली आणि म्हणाला, "आता लाव तुझ्या तारखा." ती लावत बसली आणि तिला एकदम फोनची आठवण झाली.

टाकीमागं जाऊन तिनं नंबर लावला. बाई सांगत राहिली की हा ग्राहक सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई. आत आली तर सोमा खांद्याला पिशवी लावून निघालेला, चेहऱ्यावरचा ताण गेलेला, जवळजवळ शीळ घालतोय. आत्ता सांगावं, तिच्या मनात आलं. जिभेपर्यंत आलं.

"उद्या लवकर येतो," तो म्हणाला.

"ये," ती म्हणाली.

शनिवारी गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली, खोदलेल्या रस्त्यामुळे आत येईना. सवितामॅडम खड्ड्यावर टाकलेल्या फळीवरून तोल सांभाळत आल्या. त्यांच्यामागं गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली एक काटक म्हातारी, कुणाचाही हात न धरता.

"ही सोमाची आई, तानुबाई," सवितामॅडम म्हणाल्या. "मी नको म्हणत होते. ऐकल्या नाहीत."

तानुबाईनं दुकान वरपासून खालपर्यंत बघितलं, मग बिलकिसला. "हीच का फोनवाली?"

माळ्यावरून सोमाचं डोकं बाहेर आलं. "आये? तू कशी काय?"

"तुझा भाव इचारायला आले," म्हातारी वर न बघता बोलली. "म्हणं माझा पोरगा इकला गेला. नागलीच्या भावानं का भाताच्या, तेवढं सांग पोरी. बाजारात लोक इचारतात मला."

सोमा सावकाश शिडी उतरला. "कोण बोललं असं?"

निसारभाईंच्या हातातला मिक्सर तसाच राहिला. सवितामॅडम म्हणाल्या, "गुरुवारी फोन आला होता. रेंज फक्त ऑफिसच्या पायरीवर लागते, तिथंही नीट ऐकू येत नाही, म्हणून मी स्पीकर लावते. शिपाई होते, दोन पालक होते, संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मला काय माहीत ही काय बोलणार."

"तू?" सोमानं बिलकिसकडे बघितलं. "गुरुवारी?"

"तेव्हा मला वाटलं..."

"आणि काल? काल सगळं कळल्यावर?"

"काल लावला होता मी. रेंज नव्हती."

"मला रेंज लागत नाय, बिलकिस. मी इथंच होतो."

बिलकिसला कोणी शिवी दिली असती तर तिनं दोन दिल्या असत्या. ही शिवी नव्हती. ती तानुबाईकडे वळली आणि भांडायला उभं राहावं तशीच मान ताठ करून म्हणाली, "मावशी, मी चुकीचं बोलले. तो नाही बिघडवत होता. त्याचं काम मीच रोज पुसत होते. मला माहीत नव्हतं, पण पुसत मीच होते. मशिनी त्यानं नीट केल्या."

"नीट केल्या का नाय, ते मी बघन."

तानुबाई टेबलाशी बसली. वरची मशीन बाजूला सारली. "ही नको. ही शिकवून ठेवली असंल." ढिगाच्या तळातली ओढून काढायला लावली. झाकण मिटलं, दोन्ही तळवे त्याच्यावर ठेवले, जात्यावर ठेवावेत तसे, आणि डोळे बारीक करून बसून राहिली. मग एकदम उघडलं. स्क्रीन लखकन उजळली. पुन्हा मिटलं. पुन्हा उजळली. दुसरी मागवली. सवितामॅडम मध्ये बोलायला गेल्या, "तानुबाई, झालं आता." "तुम्ही गप बसा मॅडम, मागच्या टायमाला बी तुम्हीच झालं म्हणला होता." म्हातारीनं एकूण एक मशीन तपासली, आणि शेवटी पदरानं हात पुसले.

"मशिनी बऱ्या हायेत," ती म्हणाली. "आता बोललेलं कोण परत घ्यायचं?"

"मी आत्ता घेतलं ना," बिलकिस म्हणाली.

"इथं घेतलंस. इथं कोण हाय? बोललीस तिकडं. बाजाराच्या दिशी हरसूलला माझ्याकडं ये. भाजी मांडते मी. माझ्या शेजारी बस, आणि जो इचारंल त्याला सांग."

"मी? भाजी घेऊन बसू?"

"भाजी मी इकन. तू फक्त खरं इक."

"आये, नको," सोमा म्हणाला. "ही गिऱ्हाइकाशी भांडंल."

"भांडू दे. खोटं बोलताना एवढा जोर होता, आता कुठं गेला?"

निसारभाईंनी घसा साफ केला. बिलकिसनं त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर 'नाही' म्हणाली असती.

"येते," ती म्हणाली.

मशिनी जीपमध्ये भरल्या. फळीवरून नेताना सोमा आणि ती दोनदा समोरासमोर आले आणि दोन्ही वेळेला त्यानं आधी वाट दिली. शेवटची थप्पी ठेवल्यावर तो पुढच्या सीटवर बसला. पिशवी पण घेतली होती त्यानं, नेहमीसारखीच, पण आज ती जरा जास्तच भरलेली वाटली तिला.

"सोमवारी येशील ना, सोमादादा?"

"आधी तुझा बाजार होऊ दे," तो काचेतून समोर बघत म्हणाला.

ती मागच्या खिडकीशी गेली. तानुबाई मशिनींवर हात ठेवून बसली होती, कोणी रस्त्यात उतरवून नेईल अशा धास्तीनं.

"मावशी, मी येते म्हणजे येते. सकाळच्या पहिल्या गाडीनं."

म्हातारीनं तिच्याकडे नीट बघून घेतलं.

"फोनवर बी अशीच ठासून बोलली होतीस," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरला चल म्हणून खूण केली.